पाच दवाखान्यांची एक नोंदवही : बडोद्यातील सामायिक आरोग्य-नोंदी प्रकल्पाचे टिपण

१६ जून २०२५

दांडिया बाजार, वाडी, समा, मांजलपूर आणि प्रतापनगर येथील धर्मादाय दवाखान्यांच्या प्रतिनिधींची पहिली एकत्र बैठक आज दांडिया बाजारच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर झाली. पाचही दवाखाने वेगवेगळ्या विश्वस्त मंडळांचे आहेत. विश्वस्तांपैकी बहुतेक बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतले, तर रुग्ण गुजराती, मराठी, हिंदी असे सगळेच. विषय एकच होता : रुग्णाची नोंद पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी ठेवण्याऐवजी एका सामायिक संगणकीय प्रणालीत ठेवावी की नाही, आणि ठेवायची झाल्यास ती कोणाच्या ताब्यात असावी.

या विषयाला तोंड फुटले ते पुरामुळे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी समाच्या दवाखान्याच्या तळमजल्यात शिरले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यांतल्या केसपेपरांचा लगदा झाला. त्यानंतर कित्येक महिने जुन्या मधुमेही रुग्णांना डॉक्टर ‘कोणती गोळी चालू होती, रंग आठवतो का’ असे विचारत होते. त्यांतल्या काहींची रक्ततपासणी पूर्वी दांडिया बाजारच्या प्रयोगशाळेत झालेली होती आणि तिथली रजिस्टरे सुरक्षित होती. पण दवाखाना वेगळा, क्रमांक वेगळा, त्यामुळे शोधणार कोण आणि कसे, हा प्रश्न सुटला नाही.

सद्यस्थिती अशी. दांडिया बाजारकडे एका विक्रेत्याचे बिलाचे सॉफ्टवेअर आहे, त्यात पैसे नीट आहेत पण निदान नाही. मांजलपूरकडे एका हौशी विश्वस्तांनी पूर्वी करून दिलेली एक्सेलची फाइल आहे. समाने पुरानंतर सुटी सॉफ्टवेअरे वापरून पाहिली. वाडी आणि प्रतापनगर केसपेपर आणि रजिस्टर यांवरच चालतात. कल्पना ‘तत्त्वतः मान्य’ असे इतिवृत्तात लिहिले गेले. तत्त्वतः मान्य झालेल्या गोष्टींची आपल्या संस्थांकडे काही वाण नाही, म्हणून पुढच्या बैठकीची तारीख त्याच वेळी ठरवून घेतली.

२३ जून २०२५

असे आणखी कुठे झाले आहे काय, असे एका विश्वस्तांनी विचारले होते. त्यांच्यासाठी टिपण केले, त्याचा सारांश इथे ठेवतो.

अमेरिकेत सामुदायिक आरोग्य केंद्रांची चळवळ १९६५ पासूनची आहे. बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट आणि मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथील केंद्रे आरंभीची. या केंद्रांच्या नियामक मंडळात निम्म्याहून अधिक सभासद तिथे उपचार घेणारे रुग्ण असावे लागतात, आणि पैसे देता न येणाऱ्यालाही परत पाठवता येत नाही. अशा केंद्राला स्वतःचा सर्व्हर, स्वतःचा संगणक-तज्ज्ञ, स्वतःचे सुरक्षा-परीक्षण हे परवडणारे नव्हते. म्हणून १९९७ मध्ये शिकागोतल्या चार केंद्रांनी एकत्र येऊन एक संयुक्त संस्था काढली. ओरेगॉनमध्ये २००० साली ओचिन ही संस्था निघाली. तिने मोठ्या रुग्णालयांना साजेशी महागडी प्रणाली एकदाच घेतली आणि सभासद केंद्रांना वापरायला दिली. त्या व्यवस्थेत रुग्ण एका सभासद केंद्रातून दुसऱ्यात गेला तरी त्याची नोंद एकच राहते. पुढे २००९ च्या हायटेक कायद्याने संगणकीय नोंदींसाठी मोठे अनुदान आले आणि अशी जाळी वाढली. संघराज्याच्या अनुदानास पात्र जाळ्यांची अट आपल्या कामाची आहे : जाळ्याचे नियंत्रण सभासद केंद्रांकडेच असले पाहिजे, सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाकडे नव्हे.

फरकही लिहून ठेवला आहे. तिथल्या प्रत्येक केंद्राला दरवर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत ठरावीक नमुन्यात सरकारला आकडे द्यावे लागतात. म्हणजे एकसारखी नोंद ठेवण्याची सक्ती वरून येते आणि पैसाही वरूनच येतो. आपल्याकडे देणगीदार आहेत आणि सदिच्छा आहे. सक्ती कोणाचीच नाही, म्हणून जे ठरेल ते आपसात ठरवून कागदावर उतरवलेले असायला हवे.

४ जुलै २०२५

आजची बैठक करारपत्रासाठी होती आणि ती अपेक्षेप्रमाणे कोणाला किती मते या प्रश्नावर अडली. दांडिया बाजारचे म्हणणे असे की रुग्ण आमचे सर्वांत जास्त, प्रयोगशाळा आमची, खर्चाचा मोठा वाटा आमचा, तेव्हा मतेही त्या प्रमाणात असावीत. हे म्हणणे अगदीच गैर नाही. पण तसे झाल्यास उरलेले चौघे फक्त ग्राहक ठरतात, आणि ग्राहकच व्हायचे असेल तर बाजारात विक्रेते आहेतच. प्रतापनगरचे विश्वस्त, जे रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंता आहेत, ते बराच वेळ गप्प बसून म्हणाले, ‘काका, पैसा पेशंटच्या हिशेबाने घ्या, मत दवाखान्याच्या हिशेबाने द्या.’ दांडिया बाजारच्या अध्यक्षांनी यावर विचार करायला वेळ मागितला आणि चहा संपेपर्यंत होकार दिला.

दुसरे कलम बाहेर पडण्याचे आहे. कोणत्याही दवाखान्याला सामायिक प्रणालीतून बाहेर पडायचे असेल, तर त्याच्या रुग्णांच्या सर्व नोंदी तीस दिवसांत, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा स्वरूपात, विनामूल्य मिळतील. आरंभीच निघण्याची भाषा अशुभ वाटते, असे एका ज्येष्ठ सभासदांचे मत पडले. माझ्या मते हेच कलम लहान दवाखान्यांना आत आणते. दार बाहेरून बंद होणार नाही अशी खात्री असली की माणूस आत यायला कचरत नाही.

१५ जुलै २०२५

प्रणालीची निवड झाली. मुक्त स्रोताची ‘बहमनी’ घ्यावी असे ठरले. तिचा पाया ओपनएमआरएस हा रुग्णनोंदींचा मंच आहे, ज्याचे काम २००४ मध्ये सुरू झाले आणि जो आफ्रिकेतील अनेक देशांत वापरात आहे. त्याच्या जोडीला प्रयोगशाळेसाठी ओपनईएलआयएस आणि बिल व औषधसाठ्यासाठी ओडू अशी रचना आहे. बहमनीचा पहिला मोठा वापर छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात झाला, म्हणजे ती आपल्यासारख्याच परिस्थितीत, कमी पैशांत आणि बेभरवशाच्या विजेत, घडलेली आहे.

परवान्याचा खर्च नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही, हे बैठकीत दोनदा सांगावे लागले. सर्व्हरचे भाडे, देखभाल करणारा माणूस, फॉर्म आपल्या गरजेप्रमाणे बसवून घेणे आणि प्रशिक्षण यांचा खर्च दरवर्षी येणार. मात्र तो पाचात विभागला जाईल. सर्व्हर कोणाच्याही तळमजल्यावर असणार नाही; तो मुंबईतील एका डेटा केंद्रात भाड्याने घेतला आहे, आणि रोजच्या नकलेची एक प्रत मांजलपूरच्या दुसऱ्या मजल्यावर राहील.

२९ जुलै २०२५

दांडिया बाजारच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून रुग्णांची यादी काढायची होती. विक्रेत्याचे उत्तर असे आले की बॅकअपची फाइल तुमचीच आहे, पण ती उघडण्यासाठी आमचेच सॉफ्टवेअर लागेल. शेवटी बिलांचे छापील अहवाल फाइलमध्ये उतरवून त्यांतून नाव, वय, मोबाइल आणि भेटीची तारीख एवढे वेगळे केले. निदान त्यात नव्हतेच, त्यामुळे गमावण्यासारखेही फारसे काही नव्हते. करारपत्रातील बाहेर पडण्याच्या कलमावर ज्यांनी नाके मुरडली होती त्यांना हा पत्रव्यवहार वाचायला दिला आहे.

११ ऑगस्ट २०२५

नावांचे काम हाती घेतले. प्रकल्पाचा खरा भार इथेच आहे असे माझे मत पहिल्यापासून होते, आणि पाच याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

एकच बाई पाच ठिकाणी कशी नोंदली जाते ते पाहावे. दांडिया बाजारच्या बिलात ती ‘शारदाबाई’ आहे, समाच्या वहीत गुजराती लिपीत ‘शारदाबेन’ आहे, मांजलपूरच्या फाइलमध्ये आडनाव आधी, मग तिचे नाव, मग नवऱ्याचे नाव ‘राव’ लावून; आधार कार्डावर ‘भाई’ लावून नवऱ्याचे नाव, आणि वाडीच्या रजिस्टरात, जिथे ती माहेरपणाला आली असताना गेली होती, तिथे बापाचे नाव आणि माहेरचे आडनाव. वय सगळीकडे वेगळे. जन्मतारीख जिथे आहे तिथे ती बहुधा १ जानेवारी किंवा १ जून आहे. १ जून ही शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावून दिलेली, आणि १ जानेवारी ही केवळ वर्ष सांगितल्यावर संगणकाने लावून दिलेली. या दोन तारखांना जन्मलेल्यांची संख्या आपल्या याद्यांत इतकी आहे की जन्मतारखेवरून माणूस ओळखणे जवळजवळ निरुपयोगी ठरते.

मोबाइलवरून ओळखावे तर एका घरात एकच क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे सासू, दोन सुना आणि नातू हे चौघे एका क्रमांकावर येतात.

डॉक्टरबाईंनी (समाच्या) एक उदाहरण पुढे ठेवले आणि त्यानंतर आपोआप विलीनीकरणाचा विषय कोणी काढला नाही. दोन जावा, नवरे सख्खे भाऊ, आडनाव एक, मोबाइल एक, वयात दोन वर्षांचे अंतर, नावे सुनीता आणि सुनंदा. त्यांपैकी एकीला सल्फाच्या औषधाने अंगभर पुरळ आले होते आणि केसपेपरवर ते लाल शाईने लिहिले आहे. संगणकाने या दोघींना एक ठरवले तर दुसरीला चालणारे औषध बंद होईल, हे एक वेळ ठीक. पण पुढे कोणी दोन्ही नोंदी ‘दुरुस्त’ करताना ती लाल शाई चुकीच्या बाजूला गेली, तर जिला औषध द्यायचे नाही तिलाच ते दिले जाईल.

ठरलेले नियम असे. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याचा संशय संगणकाने फक्त दाखवायचा, एकत्र करायच्या नाहीत. एकत्र करण्याचा निर्णय दोन वेगळ्या दवाखान्यांतल्या दोन व्यक्तींनी मिळून, शक्य असेल तेव्हा रुग्णाला समोर विचारून घ्यायचा. एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सुट्या करता आल्या पाहिजेत. आणि संशय फिटला नाही तर दोन नोंदी दोनच राहू द्यायच्या : एकाच माणसाच्या दोन नोंदी असणे गैरसोयीचे आहे, दोन माणसांची एक नोंद असणे धोक्याचे आहे.

२२ ऑगस्ट २०२५

संशयित जोड्या शोधण्यासाठी उच्चारावरून नावे जुळवणारी कोणती पद्धत वापरावी हे आज तपासले. सर्वांत जुनी आणि जवळपास प्रत्येक डेटाबेसमध्ये तयार असणारी पद्धत साउंडेक्स, जिचे पेटंट अमेरिकेत १९१८ चे आहे. तीत नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे देतात आणि स्वर गाळतात. गायकवाड हे आडनाव रोमनमध्ये कोणी आय घालून लिहो, कोणी ई घालून, कोणी मध्ये जादा ए घालून. सर्वांचा संकेत एकच, जी-२३०, येतो. लक्ष्मीच्या दोन्ही रूढ स्पेलिंगांचेही तसेच. पण वाघ या आडनावाला ही पद्धत फसते, कारण आमचे काही वाघ डब्ल्यूने सुरू होतात आणि गुजरातेत शाळा शिकलेले व्हीने. पहिले अक्षर तसेच ठेवण्याच्या नियमामुळे एक डब्ल्यू-२०० आणि दुसरा व्ही-२०० होतो, आणि ते एकमेकांना कधीच भेटत नाहीत. वैद्य, वाडकर, विठ्ठल या सगळ्यांची हीच गत. तेव्हा साउंडेक्सच्या आधी आपली एक लहान यादी लावायची ठरली : डब्ल्यू आणि व्ही एक, झेड आणि जे एक, आणि नावाच्या शेवटचे बाई, बेन, भाई, राव, जी गाळून मग तुलना.

गुजराती लिपीतल्या याद्यांचे काम त्या मानाने सोपे निघाले. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत देवनागरी आणि गुजराती या लिप्यांची मांडणी समांतर आहे. बहुतेक अक्षरांच्या क्रमांकांत ३८४ चे ठरावीक अंतर आहे, त्यामुळे एका लिपीतून दुसरीत नेणे ही निव्वळ वजाबाकी ठरते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली मात्र हातानेच पुन्हा कराव्या लागतील. प्रतापनगरच्या ताईंनी ते काम घेतले आहे.

गणपती जवळ आल्यामुळे पुढची बैठक विसर्जनानंतर.

९ सप्टेंबर २०२५

प्रयोगशाळेच्या चाचण्यांची सामायिक यादी. आजच्या बैठकीला विश्वस्त कमी आणि काम करणारी माणसे जास्त होती, आणि ती आतापर्यंतची सर्वांत उपयोगी बैठक ठरली.

वाडीच्या केसपेपरवर ‘शुगर १६८’ असे लिहिलेले आढळते. हा आकडा उपाशीपोटीचा असेल तर तो १२६ च्या वर आहे, म्हणजे मधुमेहाच्या मर्यादेपलीकडचा. जेवणानंतर दोन तासांचा असेल, तर औषध घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर त्याला बरा म्हणतील. कधीही घेतलेला असेल तर त्यावरून फारसे काही सांगता येत नाही. केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्या दिवशी ते ठाऊक होते, कारण रुग्ण समोर बसलेला होता. दुसऱ्या दवाखान्यातला डॉक्टर तो आकडा पडद्यावर पाहील तेव्हा त्याला काय समजणार? शिवाय प्रतापनगरमध्ये शुगर बोटाला टोचून मशीनवर पाहतात आणि दांडिया बाजारला शिरेतून रक्त घेऊन. या दोन आकड्यांचा एकच आलेख काढणे योग्य नाही, असे प्रयोगशाळेच्या ताईंनी बजावले आणि त्यांचेच खरे आहे.

म्हणून प्रत्येक चाचणीला लॉइंक या आंतरराष्ट्रीय यादीतला संकेतांक जोडायचा. ही यादी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या रीजनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून तयार केली. तीत उपाशीपोटी ग्लुकोजचा संकेतांक १५५८-६, कधीही घेतलेल्याचा २३४५-७ आणि एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचा) ४५४८-४ असा आहे. पडद्यावर सिस्टरबाईंना हे आकडे दिसणार नाहीत. त्यांना ‘शुगर – उपाशी’, ‘शुगर – जेवणानंतर २ तास’, ‘शुगर – कधीही’, ‘शुगर – मशीनवर’ असे चार पर्याय दिसतील आणि त्यांपैकी एक निवडल्याशिवाय आकडा भरता येणार नाही. नुसती ‘शुगर’ लिहिण्याची सोय कायमची बंद केली आहे. वाडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी याला हरकत घेतली. रांग लांबेल असे त्यांचे म्हणणे. ती थोडी लांबेल हे मान्यच आहे.

निदानांसाठी स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय यादी वापरायची. भारत २०१४ मध्ये ती चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सभासद झाल्यामुळे देशात ती विनामूल्य मिळते आणि पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र तिची व्यवस्था पाहते. पण पूर्ण यादी उघडून दिली तर डॉक्टर शोधत बसतील, म्हणून पाचही दवाखान्यांत नेहमी लागणाऱ्या निदानांची एक छोटी निवड आधी तयार करायची. औषधांची यादी मूळ नावाने. ब्रँडचे नाव शोधले तरी मूळ नावच दिसेल.

२२ सप्टेंबर २०२५

आजपासून नवरात्र. प्रशिक्षण दसऱ्यानंतर ढकलले. रात्री उशिरापर्यंत गरबा करून आलेल्या कर्मचाऱ्यांना सकाळी आठ वाजता पासवर्डचे नियम शिकवण्यात अर्थ नाही.

६ ऑक्टोबर २०२५

वाडीमध्ये प्रणाली चालू केली. सर्वांत लहान आणि केवळ कागदावर चालणारा दवाखाना आधी घ्यायचा, हा निर्णय मुद्दाम घेतला होता : जिथे मोडायला जुने सॉफ्टवेअर नाही तिथे नवे रुजवणे सोपे जाते.

सकाळी नोंदणीच्या खिडकीवर उभा होतो. एक आजोबा आले, हातात जुन्या केसपेपराची चार घड्या घातलेली प्रत. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारले, टाइप केले, पडद्यावर तीन नावे आली. पूर्वी तिने चौथे नवे नाव केले असते, कारण ते लवकर होते. आता पडद्यावर नावाखाली गल्ली आणि घरातल्या आणखी एका माणसाचे नाव दिसते. तिने विचारले, ‘आजोबा, चंपानेर दरवाज्याजवळ राहता का? घरात मंगेश कोण?’ ‘नातू. तो आता पुण्याला असतो.’ नोंद सापडली. आजोबांना तो मंगेश कसा काय ठाऊक, याचे नवल वाटले. मांजलपूरला डोळे तपासायला मंगेशनेच त्यांना नेले होते आणि तिथल्या फाइलमध्ये ‘सोबत आलेले’ असा रकाना होता. मांजलपूरच्या त्या हौशी विश्वस्तांचा तो रकाना आता पाचही ठिकाणी आहे. रोमन स्पेलिंग आणि जन्मतारीख यांपेक्षा गल्ली आणि घरातले दुसरे नाव यांवरून माणूस पटकन सापडतो, हे खिडकीवर बसणाऱ्या मुलींना आमच्या आधी कळले होते.

दुपारी वीज गेली. राऊटर इन्व्हर्टरवर नव्हता, फक्त संगणक होता. तासभर कागदी नमुन्यावर काम चालले आणि नंतर ते भरून घेतले. पाचही ठिकाणी राऊटर इन्व्हर्टरवर घेण्याची सूचना गेली आहे. सिम कार्डवर चालणारी दुसरी जोडणीही लागेल.

१० नोव्हेंबर २०२५

दिवाळीनंतर मांजलपूर आणि समा जोडले गेले. आता आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणीचे काम. हे मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले; रुग्णाला १४ आकडी आभा क्रमांक, दवाखान्यांची आणि डॉक्टरांची वेगवेगळी राष्ट्रीय नोंदपुस्तके, आणि रुग्णाच्या संमतीनेच एका संस्थेकडून दुसरीकडे नोंद जाण्याची व्यवस्था, असे त्याचे स्वरूप. पहिल्या टप्प्यात आभा क्रमांक काढणे व पडताळणे, दुसऱ्यात आपल्या नोंदी देणे, तिसऱ्यात इतरांच्या नोंदी मागवणे अशा पायऱ्या आहेत. प्रत्यक्ष जोडणीपूर्वी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून प्रणालीचे सुरक्षा-परीक्षण करून घ्यावे लागते. त्याचा खर्च एकट्या प्रतापनगरने कधीच केला नसता. एकच प्रणाली असल्याने परीक्षणही एकदाच होईल. पाच जणांनी एकत्र येण्याचा आर्थिक फायदा कुठे आहे असे विचारणाऱ्यांना हा एक आकडा दाखवणे पुरे.

आभा क्रमांक सक्तीचा नाही आणि तो नाही म्हणून कोणाला खिडकीवरून परत पाठवायचे नाही, हे भिंतीवर तीन भाषांत लावले आहे. वृद्धांची अडचण निराळीच : आधारला जोडलेला मोबाइल मुलाचा, मुलगा सुरतेला, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. त्याला फोन लावून, त्याने ओटीपी सांगेपर्यंत मुदत संपते. अशा रुग्णांसाठी आपला अंतर्गत क्रमांकच चालवायचा.

१८ नोव्हेंबर २०२५

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम याच महिन्यात अधिसूचित झाले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास दीड वर्षाची मुदत आहे, पण संमतीचा मजकूर आताच सुधारून घ्यायचा असे ठरले. जुन्या मजकुरात ‘माझी माहिती योग्य कारणांसाठी वापरण्यास माझी हरकत नाही’ असे एकच वाक्य होते, ज्याला संमती म्हणणे धाडसाचे आहे. नव्या मजकुरात कोणती माहिती, कशासाठी, पाचांपैकी कोणाला दिसेल आणि संमती कशी मागे घ्यायची, हे सुटे सुटे लिहिले आहे. गुजराती मसुदा समाच्या डॉक्टरबाईंनी रुग्णांना वाचून दाखवून दुरुस्त केला.

एचआयव्हीविषयीच्या नोंदी सामायिक पडद्यावर येणार नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती गुप्तता बंधनकारक केलेली आहे. आणि कायदा नसता तरी वाडीसारख्या वस्तीत, जिथे खिडकीवरची मुलगी आणि रुग्ण एकाच पोळातले, म्हणजे एकाच गल्लीतले, असतात, दुसरा मार्ग नव्हता. खिडकीवर फक्त नाव, पत्ता, क्रमांक आणि पावती दिसते. निदान आणि औषधे डॉक्टर व सिस्टर यांनाच. कोणी कोणाची नोंद केव्हा उघडली याची यादी दर महिन्याला दुसऱ्या दवाखान्याचा प्रतिनिधी तपासेल. स्वतःच्या दवाखान्याची यादी स्वतः तपासायची नाही, ही सूचना दांडिया बाजारच्या अध्यक्षांची, आणि तिचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

क्षयरोगाची नोंद २०१२ पासून सरकारला कळवणे सक्तीचे आहे. ती निक्षय या सरकारी पोर्टलवर पूर्वीप्रमाणे वेगळी भरली जाईल. दोनदा टाइप करण्याचा त्रास तूर्त सोसावा लागेल.

८ डिसेंबर २०२५

दांडिया बाजार शेवटी जोडले गेले आणि पाचही दवाखान्यांचे आकडे प्रथमच एका ठिकाणी आले. त्यावरून जो वाद व्हायचा होता तो झाला.

प्रस्ताव असा होता की रक्तदाब १४०/९० च्या खाली असलेल्या रुग्णांचे प्रमाण प्रत्येक दवाखान्याच्या नावानिशी सर्वांना दाखवावे. अमेरिकेतल्या केंद्रांच्या वार्षिक अहवालात रक्तदाबाचे नियंत्रण आणि ९ टक्क्यांच्या वरचे एचबीए१सी ही दोन्ही मापे आहेतच. आपल्याकडे २०१७ पासून चालू असलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही केंद्रवार असेच पाहिले जाते. वाडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आक्षेप असा : माझ्याकडे येणारे रुग्ण हातगाडी चालवणारे, औषध अर्धवट सोडणारे, मांजलपूरचे रुग्ण पेन्शनवाले, वेळेवर येणारे. दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर दोष माझ्यावर येईल. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. नुसत्या टक्केवारीवरून डॉक्टरची परीक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि एकदा तसे झाले की रक्तदाब मोजताना आकडा खाली लिहिण्याचा मोह होतो.

तोडगा निघाला तो आकड्यांऐवजी यादीचा. दर सोमवारी प्रत्येक दवाखान्याला त्याच्या अशा रुग्णांची यादी मिळेल ज्यांचा रक्तदाब मागच्या भेटीत जास्त होता आणि जे ठरलेल्या तारखेला पाचांपैकी कुठेही आले नाहीत. ‘पाचांपैकी कुठेही’ हे शब्द महत्त्वाचे. वाडीच्या यादीतले काही जण प्रतापनगरहून गोळ्या घेत होते असे पहिल्याच यादीत दिसले, आणि ते वाडीच्या हिशेबी ‘सोडून गेलेले’ होते. टक्केवारी सहा महिने ज्याची त्यालाच दिसेल. नंतर पुन्हा चर्चा.

२२ डिसेंबर २०२५

नावांच्या संशयित जोड्यांपैकी बऱ्याच निकालात निघाल्या. ज्या उरल्या त्यांत सुनीता आणि सुनंदा धरून अनेक अशा आहेत ज्या एकत्र होणारच नाहीत, आणि ‘तपासले, वेगळ्या व्यक्ती’ अशी खूण त्यांना कायमची लावली आहे, म्हणजे पुढे कोणी उत्साहाने त्या पुन्हा उकरणार नाही. सुरक्षा-परीक्षणाचे काम जानेवारीत सुरू होईल. मांजलपूरच्या फिजिओथेरपीच्या नोंदींचा नमुना अजून ठरायचा आहे. तिथल्या ताईंना तीन ओळींचा मोकळा मजकूर हवा आहे आणि देखभाल करणाऱ्या दादांना रकाने. मला ताईंची बाजू पटते.

मांजलपूरला ठेवलेल्या नकलेवरून संपूर्ण प्रणाली पुन्हा उभी करून पाहिली. उभी राहिली, पण एक्स-रेच्या प्रतिमा त्या नकलेत नव्हत्या. त्या आता घेतल्या जात आहेत.

कारेलीबागेतल्या एका दवाखान्याने सामील होण्याविषयी पत्र पाठवले आहे आणि प्रणाली कशी दिसते ते आधी पाहायचे आहे असे लिहिले आहे. त्यांना करारपत्राची प्रत, नावे नोंदवण्याचे नियम आणि चाचण्यांची यादी पाठवली आहे. प्रणाली दाखवण्यासाठी जानेवारीचा दुसरा आठवडा दिला असून, त्या दिवशी त्यांच्या विश्वस्तांबरोबर नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या व्यक्तीलाही आणावे, असे पत्रात कळवले आहे.